गळून पडलेले ‘म्हणे’ : पाठ्यपुस्तकांच्या विषय समित्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी व इतिहास विषय समित्यांचे सदस्य,
बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे

सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या पूर्वपरीक्षेचे दहावीचे इतिहासाचे पेपर तपासत बसले होते. प्रश्न नेहमीचाच. ‘प्रसारमाध्यमांतून मिळणाऱ्या कोणत्याही माहितीचे चिकित्सक आकलन करून घ्यावे लागते. सकारण स्पष्ट करा.’ बेचाळीस पोरांपैकी एकोणतीस जणांनी हा प्रश्न सोडवला आणि एकोणतीसही उत्तरे जवळजवळ शब्दाला शब्द सारखी. पहिला मुद्दा, दुसरा मुद्दा, तिसरा मुद्दा, शेवटी ‘म्हणून’. पोरे वापरतात त्या गाइडात ‘संपादकीय धोरण’च्या जागी चुकून ‘संपादकीय धारण’ छापले गेले आहे. सव्वीस जणांनी ‘धारण’ लिहिले होते. छापलेले जसेच्या तसे खरे मानू नये, हे त्यांनी छापलेल्यावरून जसेच्या तसे उतरवले होते. मी सगळ्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. नमुना उत्तरात तेच तीन मुद्दे होते, कापणार तरी कशावर?

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत चोवीस वर्षे इतिहास शिकवते. मराठीच्या बाई रजेवर गेल्या की मराठीचे तासही माझ्याच गळ्यात पडतात, त्यामुळे दोन्ही पुस्तके हाताखालून गेली आहेत. पहिलीचे नवे पुस्तक २०२५ मध्ये आले, पुढच्या इयत्तांची टप्प्याटप्प्याने येणार आहेत. वरच्या वर्गांची पुस्तके लिहिताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की छापलेले किंवा ऐकलेले खरे आहे का हे तपासायचे कसे, ते पोरांना करून बघता यावे. एवढ्यासाठी हे पत्र.

आधी चांगले सांगते. दहावीचे २०१८ चे इतिहासाचे पुस्तक राजे आणि लढाया यांनी सुरू होत नाही. इतिहास लिहितात कसा, इथून ते सुरू होते. पाचवे प्रकरण ‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हे आहे. पंधरा वर्षांच्या पोरांसमोर हा विषय ठेवायला धाडस लागते आणि ते तुमच्या आधीच्या समितीने दाखवले.

पण त्याच प्रकरणातली ‘स्टर्न’ची गोष्ट पाहा. या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या रोजनिश्या म्हणून काही वह्या विकत घेतल्या, गाजावाजा करून बातमी छापली आणि नंतर त्या वह्या बनावट निघाल्या. तीन-चार ओळींत गोष्ट संपते. दर वर्षी कोणीतरी विचारतेच, “बाई, पण कळलं कसं?” पुस्तकात ते नाही. खरी मजा तर तिथेच आहे. साल १९८३. साठेक वह्या आणि त्यांच्यासाठी मोजलेले नव्वद लाखांहून अधिक मार्क. ह्यू ट्रेव्हर-रोपरसारख्या मोठ्या ब्रिटिश इतिहासकाराने आधी त्यांवर विश्वास ठेवला आणि मग तोच कचरू लागला. हस्ताक्षर जुळते म्हणून तज्ज्ञांनी निर्वाळा दिला होता, पण जुळवायला दिलेल्या नमुन्यांतले काही नमुने त्याच भामट्याने, कोन्राड कुयाऊने लिहिलेले होते. म्हणजे एका ग्रुपवरचा मेसेज खरा की खोटा हे दुसऱ्या ग्रुपवर आलेल्या त्याच मेसेजवरून ठरवण्यातला प्रकार. शेवटी जर्मनीच्या संघीय अभिलेखागाराने कागद तपासून घेतला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून युद्धानंतरच्या काळात वापरात आलेले रसायन त्यात सापडले. हिटलर मेला १९४५ मध्ये. बातमी फुटल्यापासून पंधरा दिवसांच्या आत बिंग बाहेर!

हे सांगते तेव्हा शेवटच्या बाकावरचा पोरगाही खिडकीबाहेर बघायचे थांबतो. मधल्या सुट्टीत दोघे-तिघे आपल्या वह्यांचा कागद उजेडात धरून बघत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ‘नंतर त्या नकली असल्याचे सिद्ध झाले’ या वाक्यातल्या ‘सिद्ध झाले’च्या पोटात सगळी विद्या आहे आणि तेवढीच पुस्तकाबाहेर राहिली आहे.

आता मराठीच्या पुस्तकाकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिकडेच आहे. उपयोजित लेखनात बातमीलेखन आहे. विषय दिलेला असतो, समजा ‘शाळेत वृक्षारोपण’. पोराने बातमी ‘तयार’ करायची. वर डाव्या कोपऱ्यात ‘आमच्या वार्ताहराकडून’, शेजारी तारीख. मग न झालेल्या कार्यक्रमाला न आलेले प्रमुख पाहुणे, त्यांनी न केलेले भाषण, ‘टाळ्यांच्या कडकडाटात स्वागत’, ‘कार्यक्रम अत्यंत उत्साहात संपन्न झाला’, आणि आभारप्रदर्शन. जितके बेमालूम तितके गुण जास्त. सदस्यहो, खोटी बातमी खरी दिसेल अशी कशी लिहावी, हेच आपण दहावीला रीतसर शिकवतो आणि त्याचे गुणही देतो. मी स्वतः कित्येक वर्षे शिकवले. त्यात काही वावगे आहे हे तेव्हा मनातही आले नाही.

ते मनात आले एका पेन्सिलीमुळे. आठवीच्या वर्गात एकदा मी जिल्हा पुरवणीतली एका सत्काराची बातमी वाटली आणि सांगितले, जे शब्द कॅमेऱ्यात दिसले नसते ते सगळे खोडा. ‘भव्य’ गेला. ‘उत्स्फूर्त’ गेला. ‘लाडके’, ‘कार्यसम्राट’, ‘अलोट गर्दी’, ‘भावपूर्ण’ सगळे गेले. ‘गर्दी’वर दोन बाकांत भांडण लागले. गर्दी दिसतेच की, असे एकाचे म्हणणे. किती माणसांना गर्दी म्हणायचे, हा दुसरीचा सवाल. मी मुद्दामच निकाल दिला नाही. चौदा ओळींच्या बातमीतून शेवटी काय उरले, तर अमुक गावात अमुक तारखेला अमुक माणसाला शाल आणि नारळ मिळाला. एक पोरगी हळूच म्हणाली, “बाई, नारळ नक्की होता का? फोटोत तर नुसती शाल दिसतेय.”

वस्तुस्थिती आणि मत यांची फारकत शिकवायची म्हणजे हे एवढेच. पण नेहमीच्या स्वाध्यायात ती फार सोपी करून ठेवतात. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ ही वस्तुस्थिती, ‘आंबा सर्वांत चविष्ट फळ आहे’ हे मत, जोड्या लावा. अशा जोड्या लावून पोरांच्या डोक्यात भलतेच बसते. वस्तुस्थिती म्हणजे खरे आणि मत म्हणजे खोटे. भाषाही त्याला हातभार लावते. ‘त्याच्या बोलण्यात तथ्य नाही’ म्हणजे तो खोटे बोलतो असेच आपण समजतो, आणि ‘मत’ म्हटले की पोरांना आधी निवडणूक आठवते. मग दोन हजाराच्या नोटेत उपग्रहाला कळणारी चिप आहे, या २०१६ च्या आवईला ती कुठे ठेवणार? मत तर ते नव्हे. तपासता येते, आकडे-बिकडे असतात, वैज्ञानिक शब्द असतात, म्हणून पोरे त्याला वस्तुस्थितीच्या रकान्यात टाकतात. आपल्या राष्ट्रगीताला युनेस्कोने जगात सर्वोत्कृष्ट ठरवले, हा मेसेज इतकी वर्षे जिवंत आहे तो याच वाटेने. तपासता येणारे पण खोटे निघणारे विधान, असा तिसरा रकाना आमच्या फळ्यावर आहे आणि दर वर्षी सगळ्यात आधी तोच भरतो.

हा घोळ फक्त आपल्याकडचा आहे असेही नाही. पंधरा वर्षांच्या मुलांसाठी अनेक देशांत होणाऱ्या ‘पिसा’ चाचणीच्या २०१८ च्या फेरीत वस्तुस्थिती कोणती आणि मत कोणते हे ओळखायचा एक प्रश्न होता. पुढारलेल्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी सरासरी ४७ टक्क्यांनाच तो जमला. भारत त्या फेरीत उतरला नव्हता. बरेच झाले म्हणायचे.

आता ‘म्हणे’बद्दल. माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण तिच्या बोलण्यात एक शिस्त होती. स्वतः पाहिलेले सांगताना ती सरळ सांगायची, ‘पाटलाच्या वाड्याची भिंत पडली.’ ऐकलेले असले की शेपूट जोडायची, ‘पाटलाच्या वाड्याची भिंत पडली म्हणे.’ दोन अक्षरांत हात झटकून मोकळी. पुढचा माणूस विचारायचा, ‘कोण म्हणे?’ तेव्हा कुठे सोर्स बाहेर यायचा, पाणवठ्यावरची अमुक किंवा एसटीतला तमुक. ऐकीव, सांगोवांगी, कर्णोपकर्णी, वदंता, आवई, कंडी, हूल. ऐकलेल्या गोष्टीचा वकूब ठरवायला इतके शब्द बाळगणारी भाषा पोराच्या घरातच आहे आणि आम्ही त्याला ‘क्रिटिकल थिंकिंग’ची कार्यशाळा देतो.

मेसेज पुढे ढकलला की आधी गळतो तो हा ‘म्हणे’. बातमी तशीच राहते, शेपूट तुटते.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे पोचले होते. बहुतेक जण मंगळवेढ्याकडचे. मुले पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज त्या भागात आधीपासूनच फिरत होते. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारले. त्याच रात्री मालेगावात अशाच संशयावरून घेरल्या गेलेल्या पाच जणांचा जीव वाचला, कारण एका घराने दार उघडून त्यांना आत घेतले. त्या वर्षी देशभर फिरलेली एक चित्रफीत तर कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या जाहिरातीतली होती. मोटारसायकलवरचे दोघे पोर उचलतात आणि शेवटी परत आणून सोडतात, आणि मग पाटी दाखवून सावध राहायला सांगतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि बाकीचे पाठवून दिले. पोरांना दोन्ही फिती एकापाठोपाठ दाखवल्या की पाच मिनिटे वर्गात कोणी बोलत नाही.

त्या जुलैतच व्हॉट्सॲपने पुढे पाठवलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का टाकायला सुरुवात केली. कंपनीने केलेला ‘म्हणे’च तो. माझ्या आजीला जे फुकट येत होते ते करायला परदेशातले इंजिनियर बसवावे लागले.

इतिहासाच्या पुस्तकात अशा तालमीसाठी सगळ्यात चांगली जागा कोणती, विचाराल तर मी शिवजयंती सांगेन. वाचून तुमच्यातले काही जण दचकतील, पण वर्गात असे कोणी दचकत नाही. माझे आजोबा वैशाख शुद्ध द्वितीयेला शिवजयंती करत. शाळेला सुट्टी असते १९ फेब्रुवारीला. आमच्या गावातले एक मंडळ फाल्गुन वद्य तृतीयेला मिरवणूक काढते. पोरे विचारणारच, बाई, महाराज तीनदा कसे जन्मले? मग फळ्यावर मांडायचे. वैशाखातली शके १५४९ ची तिथी बखरींतून आलेली, आणि त्या बखरी पुष्कळ उशिराच्या. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची तिथीवार नोंदींची यादी, उजेडात आणली, तिच्यात शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. कवींद्र परमानंदाने महाराजांच्या हयातीत लिहिलेल्या शिवभारतातही शके १५५१ च. राजस्थानात मिळालेल्या महाराजांच्या कुंडलीनेही तेच दाखवले. तीन साधने वेगवेगळ्या हातांची आणि वेगवेगळ्या ठिकाणची, एकमेकांना न विचारता एकाच दिवसावर येतात. पुढे राज्य शासनाने हीच तारीख मानली.

यातून पोरे कोणी लिहिले, घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले, त्याला कसे कळले, आणि दुसरे कोणी तेच सांगते का, हे आपोआप विचारायला लागतात. आजोबा खोटे नव्हते हेही त्यांना कळते. त्यांच्या हाताशी बखरच होती. जुन्या माणसाचा मान राखून त्याची तारीख दुरुस्त करता येते, हे पोरांना एकदा दिसायला हवे. घरोघरी काका-मामांच्या मेसेजवरून जी भांडणे होतात, त्यांत त्यांना ते उपयोगी पडेल.

एक अडचण कबूल करते. दोन वर्षांपूर्वी अशाच तासांनंतर नववीतली एक हुशार मुलगी उठून म्हणाली, “मग बाई, खरं असं काहीच नसतं का? सगळेच आपापलं सांगतात.” मला पटकन उत्तर सुचले नाही. नुसती शंका शिकवली की पोर असे निबर होते, मग ते डॉक्टर आणि बुवा यांना एकाच मापाने मोजते. दुसऱ्या दिवशी मी ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’तल्या अग्रलेखाचा मथळा फळ्यावर लिहिला, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ वस्तुस्थिती की मत? मत, सगळे ओरडले. मग फेकून द्यायचे का? नाही. का नाही? इथे वर्ग अडला. तोवर त्यांनी मताला फक्त हाकलले होते, मताला कारणे विचारली नव्हती. प्लेगच्या साथीत पुण्यात काय चालले होते, रँडच्या खुनानंतर सरकारने काय केले, हे समोर ठेवल्यावर ती मुलगीच म्हणाली, “म्हणजे मताखाली खांब आहेत का ते बघायचं.” हे मला सुचले नव्हते. तेव्हापासून आमच्या वर्गात मताचे खांब मोजतात.

एवढे सगळे सांगून मी तुमच्याकडे नवा विषय मागत नाही. हात जोडून सांगते, नवा विषय नको. ‘जलसुरक्षा’ या शालेय विषयाच्या प्रकल्पवह्या कशा भरल्या जातात ते तुम्हाला ठाऊक आहे आणि आम्हालाही. ‘माध्यम साक्षरता’ असे पुस्तक काढलेत तर पुढच्या जूनमध्ये त्याचेही गाइड निघेल आणि पोरे ‘धारण’ पाठ करतील. आहे त्या पुस्तकांतच थोडी जागा हवी आहे. इतिहासाच्या प्रत्येक पाठात एक तरी साधन असावे, जमले तर त्याच्या छायाचित्रासह, आणि शेजारी त्याचा जन्मदाखला, म्हणजे ते कोणी, केव्हा आणि कशावरून लिहिले. दहावीच्या पेपरात न पाहिलेला एक उतारा असावा आणि ‘एवढ्यावरून ठरवता येत नाही’ हे उत्तर बरोबर धरले जावे. आज ते उत्तर लिहिणाऱ्याला शून्य मिळते आणि ठोकून देणाऱ्याला दोन. आणि बातमीलेखन पोराने स्वतः पाहिलेल्या किंवा कोणाला विचारून खात्री केलेल्या गोष्टीवरच असावे.

होईल का, असे कोणी विचारले तर शेजारी बघावे. केरळमध्ये कण्णूरला २०१८ मध्ये तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांनी दीडशेच्या आसपास सरकारी शाळांत असे तास घेतले; लसीकरणाच्या अफवांनी हैराण झाल्यावर ही कल्पना निघाली होती. २०२४ मध्ये त्या राज्याने खोटी माहिती ओळखण्याचा भाग पाचवी आणि सातवीच्या आयसीटीच्या (माहिती-तंत्रज्ञानाच्या) पुस्तकांत घातला. बिहारमध्ये ५८३ गावांतल्या १३,५०० हून अधिक किशोरवयीनांवर संशोधकांनी प्रयोग केला. मोजके चार तास, पण त्यांचा परिणाम चार महिन्यांनीही टिकलेला दिसला. बिहारला जमले तर आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणायचे?

यंदाच्या घटक चाचणीत मी बातमीलेखनाचा विषय दिलाच नाही. ‘या आठवड्यात शाळेत घडलेले काहीही’ एवढेच सांगितले आणि पोरांना अर्धा तास वर्गाबाहेर सोडले. बऱ्याच जणांनी सवयीने ‘उत्साहात संपन्न’ केलेच. एका मुलीने मात्र सहा ओळी लिहिल्या. शाळेतल्या पाण्याच्या टाकीची सफाई शनिवारी झाली. शिपाईकाकांनी तसे सांगितले. सफाईची नोंद असलेली वही मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, पण कपाटाची किल्ली मिळाली नाही. नळाचे पाणी सोमवारी स्वच्छ होते, आज थोडे गढूळ आहे. आणि शेवटची ओळ : ‘टाकीला शिडी नसल्यामुळे आतली बाजू मी स्वतः पाहिलेली नाही.’

सध्याच्या निकषांनी पाहिले तर या बातमीला आकर्षक मथळा नाही, पाहुणे नाहीत, शब्दमर्यादा भरलेली नाही. पाचपैकी दोन, फार तर अडीच. मी तिचा पेपर अजून तपासायचा ठेवला आहे. त्या शेवटच्या ओळीला किती गुण द्यायचे, ते कळवावे.

आपली नम्र,
एक इतिहास शिक्षिका